बहिणीवर खुनाचा गुन्हा आणि ती सोळा दिवसांची बाळंतीण: भावाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मला काय समजलंय ते आधी लिहिते. बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. सोळाव्या दिवशी पहाटे बाळ पाण्याच्या टाकीत सापडलं, ती तिथेच कठड्याला टेकून बसलेली, विचारलं तर "मी त्याला सोडवलं" एवढंच म्हणत होती. पोलिसांनी खुनाचं कलम १०३ लावलं, ती आता जेलमध्ये आहे, भेटीला गेलं की कधी आईला ओळखते कधी नाही. वकील म्हणतात वेडी असल्याचं सर्टिफिकेट आणा. आणि तुमचा प्रश्न असा की हा खरंच आजार असतो का, असला तर कायदा तिला सोडतो का.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, चोवीस वर्षं झाली, त्यातली बरीच सरकारी दवाखान्यात गेली आणि अशा केसेसमध्ये साक्षीला कोर्टात उभी राहिलेय. तुमच्या बहिणीला मी तपासलेलं नाही, म्हणून तिला नक्की काय झालंय हे इथून सांगणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मी शांत बसू शकत नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी सर्टिफिकेटचं, कारण त्याच्या मागे धावण्यात तुमचे दिवस जातायत. आज एखाद्या डॉक्टरने तिला बघून लिहून दिलं की हिला सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा आजार, आहे, तरी सरकारी वकील एकच विचारणार, डॉक्टर, आज आहे हे मान्य, पण त्या दिवशी पहाटे होता का? कायद्याला ती पहाट हवी असते. आणि ती पहाट, तिच्या आधीचे पंधरा दिवस कुठल्या डॉक्टरने बघितलेत? कुणीच नाही. बघितलेत तुमच्या आईने, मावशीने, बाळाला आंघोळ घालायला येणाऱ्या बाईने, आशाताईने, शेजारच्या काकूंनी. म्हणजे पुरावा तुमच्या घरात आहे आणि रोज थोडा थोडा पुसट होतोय, कारण माणसं विसरतात, आणि त्याहून जास्त म्हणजे माणसं लपवतात.

हे मी एवढ्या ठामपणे का सांगतेय ते ऐका. मी नवीन होते तेव्हा कोर्टाच्या आदेशाने एक बाई माझ्याकडे तपासायला आणली. घटनेला सात-आठ महिने होऊन गेलेले. जेलमध्ये कुणीतरी गोळ्या सुरू केल्या असाव्यात किंवा आजार आपोआप ओसरला असावा, बाई व्यवस्थित बसली, नीट केस विंचरलेले, तारीख वार सांगितला, विचारलं त्याची उत्तरं दिली आणि बाळाचं नाव निघालं तशी पदर तोंडात कोंबून रडली. मी रिपोर्टात लिहिलं की सध्या सायकोसिसची लक्षणं दिसत नाहीत. वाक्य खरं होतं आणि अपुरं होतं. तेच वाक्य वाचून दाखवून तिला आजार नव्हताच असं ठरवलं गेलं आणि तिला जन्मठेप लागली. माझ्याकडे तिच्या सासूला, नणंदेला बोलावून त्या आठवड्याचं विचारायची संधी होती, मी विचारलं नाही कारण आदेशात फक्त तपासा असं लिहिलेलं. ही चूक माझी आहे आणि म्हणून आता मी प्रत्येक घराला आधी हेच सांगते की आठवणी लिहून काढा, आजच.

आता आजाराबद्दल. बाळंतपणानंतर दोन-चार दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं, ते आपोआप जातं. त्याच्या पुढची पायरी डिप्रेशनची, ते आठवडे-महिने टिकतं, भारतातल्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१७ मध्ये छापून आला त्यात प्रमाण २२ टक्के निघालं, म्हणजे पाचातल्या एकीला. पण तुम्ही जे वर्णन करताय ते यातलं वाटत नाही. तिसरा प्रकार म्हणजे प्रसूतीनंतरचा सायकोसिस. हा हजार बाळंतपणांत एक किंवा दोघींना होतो. कमी वाटतं, पण ज्या तालुक्याच्या ठिकाणी वर्षाला दोन हजार बाळंतपणं होतात तिथे दरवर्षी दोन ते चार बायका, आणि तरी तिथल्या लोकांना विचारलं तर म्हणतील आमच्याकडे असं काही नसतं.

हा आजार बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो आणि सुरुवात झोपेपासून होते. बाळ झोपलेलं असतं, घर झोपलेलं असतं, आणि ही जागी. थकवा दिसत नाही, उलट डोळे चमकतात, खूप बोलते नाहीतर एकदम गप्प होते. मग संशय, की बाळ बदललंय, दुधात कुणी काही घातलंय, दाराबाहेर माणसं उभी आहेत. मग खात्री, की बाळ देव आहे, किंवा बाळात काहीतरी शिरलंय, किंवा आता या जगात त्याचे हाल होणार आहेत आणि त्यातून त्याला सोडवणं माझं काम आहे. तुमच्या बहिणीचा शब्द "सोडवलं" होता, म्हणून मी तिथे थांबले. आणि या आजाराची सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे तो तासातासाला बदलतो. सकाळी दहाला ती बाळाला पाजत व्यवस्थित बोलेल, बाराला तिला आपण कुठे आहोत हे कळणार नाही, चारला परत ठीक. त्यामुळेच घरचे म्हणतात की अहो दुपारी तर चांगली जेवली, आणि कोर्टात तेच वाक्य तिच्या विरुद्ध जातं. हे इथे स्पष्ट सांगायला हवं की हा आजार झालेल्या बहुतेक बायका कुणालाच इजा करत नाहीत, योग्य औषधांनी, गरज पडली तर ईसीटीने, म्हणजे भूल देऊन दिलेल्या विजेच्या उपचाराने, काही आठवड्यांत पूर्ण बऱ्या होतात आणि त्याच मुलांना वाढवतात.

आपल्याकडे याला बाळंतवात म्हणतात, वारं लागलं म्हणतात, बाहेरचं झालं म्हणतात. पाचवीला सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून त्या रात्री घर जागं राहतं, आणि हा आजारही साधारण त्याच दिवसांत डोकं वर काढतो, त्यामुळे पाचवी नीट झाली नाही म्हणून असं झालं ही समजूत घट्ट बसते. मला त्या बायकांवर रागवायचं नाही, पिढ्यानपिढ्या त्यांनीच बाळंतीण सांभाळलीय आणि बदल सगळ्यात आधी त्यांनाच कळतो. अडचण पुढची आहे, की कळल्यावर गाडी देवर्षीकडे वळते, उतारा टाकला जातो, दोरा बांधला जातो, चार दिवस जातात, आणि नेमके तेच चार दिवस औषधाचे असतात.

अजून एक गोष्ट जी माझ्या क्षेत्रातले लोकही कधी कधी विसरतात. बाळंतिणीचं डोकं अचानक फिरलं तर कारण दरवेळी मानसिकच असेल असं नाही. अंगात जंतुसंसर्ग, थायरॉइड, रक्तातलं सोडियम कमी होणं, आणि आपल्या देशात तुलनेने जास्त दिसणारं म्हणजे मेंदूच्या शिरेत रक्ताची गाठ होणं. तिला ताप होता का, जोरात डोकं दुखत होतं का, फिट आली होती का हे आईला विचारा. असेल तर रक्ततपासण्या आणि मेंदूच्या शिरांचा एमआरआय व्हायलाच हवा, जीव वाचवण्यासाठी तर हवाच, आणि कोर्टाच्या दृष्टीनेही, कारण न्यायाधीशांसमोर फोटोत दिसणारी गोष्ट आणि आईच्या तोंडून आलेली गोष्ट यांचं वजन सारखं पडत नाही हे मी बघितलंय.

आता कायदा. मी वकील नाही, पण एवढ्या साक्षी दिल्यावर या एका कोपऱ्यातलं थोडं कळायला लागतं. आधी जे आयपीसीचं, म्हणजे जुन्या दंड संहितेचं, कलम ८४ होतं ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२ झालं, शब्द जवळजवळ तेच राहिले. मनाच्या विकलतेमुळे कृती करताना आपण काय करतोय हे कळत नव्हतं, किंवा ते चूक आहे वा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं, तर तो गुन्हा नाही. हा साचा १८४३ साली लंडनमधल्या मॅकनॉटन खटल्यातून आला आणि १८६० च्या दंड संहितेत बसला. तेव्हा बाळंतिणीचा विचार कुणाच्या डोक्यात असणार. कारण सायकोसिसमधल्या आईला बऱ्याचदा कळत असतं की हे पाणी आहे, हे बाळ आहे, उद्या पोलीस येतील हेही कळत असतं. पण तिच्या लेखी हे केलं नाही तर त्याहून भयंकर काहीतरी होणार असतं. कळतंय आणि तरी ती भानावर नाही, या अवस्थेला त्या साच्यात जागा नाही. त्यामुळे वकील उलटतपासणीत विचारतात, नाव सांगता येत होतं का, पैसे मोजता येत होते का, मग वेडी कशी? मला हे प्रश्न शब्दशः विचारले गेलेत.

सुप्रीम कोर्टाने वारंवार सांगितलंय की डॉक्टरी वेड वेगळं आणि कायद्यातलं वेड वेगळं, नुसतं निदान पुरत नाही. पण त्याच कोर्टाचे काही निकाल तुमच्या बाजूचे आहेत, ते वकिलांना सांगा. १९६४ चा दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य, त्यात म्हटलंय की आरोपीला हे शंभर टक्के सिद्ध करायची गरज नाही, शक्यतेचं पारडं तिच्या बाजूला झुकलं तरी पुरे, आणि तेवढंही जमलं नाही पण समोर आलेल्या पुराव्यावरून तिचा हेतू होता का याबद्दलच वाजवी शंका उभी राहिली तरी फायदा तिला. दुसरा आपल्या राज्यातला, २००२ चा श्रीकांत आनंदराव भोसले विरुद्ध महाराष्ट्र राज्य. हवालदार होता, बायकोचा खून केला, स्किझोफ्रेनिया होता, सुप्रीम कोर्टाने सोडला. कशावरून? वडिलांनाही मानसिक आजार होता, आधीपासून उपचार चालू होते, कारण क्षुल्लक होतं, दिवसाढवळ्या केलं, लपायचा पळायचा प्रयत्न नाही, आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तो पंचवीस आकडा लक्षात ठेवा. म्हणजे नंतरची नोंदसुद्धा मागच्या क्षणावर उजेड टाकते. आज जेलमधून तुमच्या बहिणीला दवाखान्यात नेलं जातंय की नाही, नेलं तर केस पेपरवर काय लिहिलं जातंय, याला म्हणूनच एवढं महत्त्व आहे. तिसरा २००७ चा बापू उर्फ गजराज सिंग, राजस्थानचा. तिथे आरोपीची शिक्षा कायम राहिली, पण कोर्टाने हे स्पष्ट सांगितलं की आधीच्या मानसिक आजाराचं तपासात समोर आलं तर वैद्यकीय तपासणी करून घेणं हे तपासी अंमलदाराचं कर्तव्य आहे, नाही केली तर सरकारी बाजू त्यामुळे लंगडी पडू शकते. पण समोर येणार कसं, तुम्ही सांगितलंत तर.

आणि इथेच घरं चुकतात. एका केसमध्ये पहिल्या जबाबात सासरच्या आणि माहेरच्या दोन्ही लोकांनी सांगितलं की तिला काही त्रास नव्हता. कारण धाकटीचं लग्न ठरायचं होतं, घराण्यात वेड आहे असं कागदावर यायला नको होतं. वर्षभराने तीच माणसं कोर्टात सांगायला लागली की ती रात्ररात्र जागी असायची, देवर्षीकडे नेलं होतं. खरं सांगत होती, मला माहीत होतं खरं सांगताहेत, पण सरकारी वकिलांनी पहिला जबाब समोर धरला आणि पश्चातबुद्धीने रचलेला बचाव म्हणून सगळं मोडीत निघालं. तुमच्या घरी जबाब झाले असतील आणि त्यात हे राहून गेलं असेल तर वकिलांमार्फत लगेच लेखी अर्ज द्या, पोलिसांना आणि मॅजिस्ट्रेटना दोघांनाही, चार्जशीट दाखल व्हायच्या आत.

माझं सगळ्यात मोठं दुखणं मात्र वेगळं आहे. आपल्या कायद्यात आजारी आईसाठी अशी वेगळी मधली पायरी नाही. एकतर कलम २२ लागू झालं, सुटली, नाहीतर कलम १०३, आणि १०३ मध्ये जन्मठेप किंवा फाशी, न्यायाधीशाला कितीही कळवळा आला तरी त्याच्या खाली हात जात नाही. सायकोसिसवाली निदान २२ च्या दारापर्यंत तरी पोचते. डिप्रेशनमधली आई तिथपर्यंतही जात नाही. पेपरात महिन्याला एकदा तरी वाचतो ना आपण, विवाहितेची चिमुकल्यासह विहिरीत उडी. त्यात कधी कधी आई वाचते आणि मूल जातं. आत्महत्येच्या प्रयत्नाला मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ११५ संरक्षण देतं, ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरतं, आणि नव्या संहितेत तर तो पूर्वीचा गुन्हाच उरला नाही. पण मुलासाठी तिच्यावर खुनाचा गुन्हा लागतो. एकाच उडीला कायदा दोन डोळ्यांनी बघतो. ती म्हणते, माझ्यामागे हिचं कोण होतं, आणि तिच्या डोक्यात ती मायाच असते, आजाराने वाकडी केलेली.

याचे दोन जुने खटले कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. १९४० मध्ये अलाहाबाद हायकोर्टापुढे धिरजिया नावाच्या खेड्यातल्या तरुण बाईची केस आली. नवऱ्याच्या छळाला कंटाळून सहा महिन्यांचं बाळ घेऊन रात्री निघाली, मागून तो येतोय बघून घाबरून विहिरीत उडी टाकली, बाळ गेलं. कोर्टाने खून धरला नाही, सदोष मनुष्यवध धरला, आणि भीतीने उडी मारली म्हणून आत्महत्येच्या प्रयत्नातून तिला सोडलं. १९५३ मध्ये मध्य भारत हायकोर्टापुढे ग्यारसीबाई, घरात भांडण झालं आणि तीन मुलांना घेऊन विहिरीत उडी, मुलं गेली ती वाचली, तिथे खूनच धरला गेला. दोघींची परिस्थिती एक नव्हती हे मान्य, पण दोन्ही निकालांत मला एक गोष्ट समान दिसते, त्या बाईचं मन त्या आठवड्यात, त्या महिन्यात कसं होतं हे कुणी डॉक्टरने तपासून कोर्टापुढे ठेवलेलं नाही. धिरजियाच्या बाबतीत न्यायाधीशांना स्वतःला तिची भीती दिसली म्हणून ती वाचली. असं न्यायाधीशाच्या नजरेवर किती बायकांनी अवलंबून राहायचं.

इंग्लंडमध्ये १९२२ साली, मग सुधारून १९३८ साली यासाठी वेगळा कायदा केला. बाळ एक वर्षाच्या आतलं असेल आणि बाळंतपणाच्या परिणामातून सावरली नसल्यामुळे आईच्या मनाचा तोल गेलेला असेल तर खून न धरता कमी दर्जाचा गुन्हा धरतात, आणि व्यवहारात बहुतेकींना तुरुंगाऐवजी उपचार आणि देखरेख मिळते. त्या कायद्यात अंगावर पाजण्यामुळे तोल जातो असंही एक कलम आहे, ते आजच्या वैद्यकात टिकत नाही. शिवाय वर्षाची रेघ आखली की तेरा महिन्यांच्या बाळाची आई बाहेर राहते. पण निदान न्यायाधीशाच्या हातात काहीतरी असतं. कॅनडातही असं कलम आहे, त्यात जास्तीत जास्त शिक्षा पाच वर्षं. आपल्याला तिथून आलेला १८४३ चा साचा मिळाला, १९२२ ची सुधारणा मिळाली नाही.

अमेरिकेतल्या टेक्सासची अँड्रिया येट्स सगळ्यांना माहीत आहे. २००१ मध्ये पाच मुलांना टबमध्ये बुडवलं, आधीच्या बाळंतपणानंतर गंभीर आजार झालेला, पुढचं मूल नको असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सैतानापासून मुलांना वाचवतेय अशी तिची खात्री होती. तिने स्वतः पोलिसांना फोन केला, आणि सरकारी बाजूने तोच फोन पुरावा केला, की बघा तिला चूक कळत होती. २००२ मध्ये जन्मठेप. सरकारी बाजूच्या तज्ज्ञाने साक्षीत एका टीव्ही मालिकेच्या अशा भागाचा दाखला दिलेला जो कधी बनलाच नव्हता, ते उघड झाल्यावर २००५ मध्ये शिक्षा रद्द झाली आणि २००६ च्या दुसऱ्या खटल्यात वेडामुळे निर्दोष ठरून ती मनोरुग्णालयात गेली. तीच बाई, तीच घटना, तोच कायदा आणि दोन निकाल. तुमच्या बहिणीने पळून न जाता तिथेच बसून "सोडवलं" सांगितलं, हे कुणी कबुली म्हणून वापरेल, कुणी आजाराचा पुरावा म्हणून. तुमच्या वकिलांनी दुसरं वाचन आधी मांडायला हवं. आणि पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही हे त्यांना माहीत असेलच, पण तुम्हीही माहीत असू द्या.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण तिचा विसर पडला तर खऱ्या आजारी बायकांचंच नुकसान होतं. बाळ मारलं गेलं म्हणजे आई आजारीच, असं नसतं. जन्मल्याजन्मल्या लपवून टाकलेली बाळं, मुलगी झाली म्हणून गेलेली बाळं, यात बऱ्याचदा आजार नसतो, भीती आणि दबाव असतो, आणि दबाव टाकणारे आरोपीच्या पिंजऱ्यात कधी येत नाहीत. आपल्याकडे हे पहिल्यांदा जोतीराव आणि सावित्रीबाईंनी ओळखलं, १८६३ मध्ये पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. १८८१ मध्ये सुरतच्या बाजूला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती कमी झाली, आणि त्या गदारोळात बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये लिहून विचारलं की सगळा दोष बाईच्याच माथी का. तो प्रश्न आजाराचा नव्हता, पण त्या घरातले बाकीचे कुठे होते हे मी प्रत्येक केसमध्ये अजूनही विचारते.

आता तुम्ही काय करायचं. घरातल्या प्रत्येकाला वेगळं बसवून, एकमेकांशी न बोलता, डिलिव्हरीपासून सोळाव्या दिवसापर्यंत तारखेवार लिहायला सांगा, झोपली कधी, जेवली काय, काय बोलली तिच्या शब्दात, बाळाकडे कसं बघायची. सुधारून लिहू नका, विसंगती राहू द्या. देवर्षीकडे नेलं असेल तर तेही लिहा, लाज वाटली तरी, कारण चांगल्याभल्या बाळंतिणीला कुणी देवर्षीकडे नेत नाही, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे घराला दिसलं होतं याचाच तो पुरावा. आशाताईंना भेटा, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात, त्यांच्या फॉर्मात बाळाचं वजन तापमानच जास्त असतं पण त्यांना बाई आठवत असते. डिलिव्हरीची फाइल, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलच्या पावत्या, तिने रात्री-बेरात्री केलेले कॉल, पाठवलेले मेसेज आणि त्यांची वेळ. रात्री तीन वाजता मैत्रिणीला पाठवलेला अर्थ न लागणारा एक व्हॉइस मेसेज माझ्या पाच पानी रिपोर्टापेक्षा जास्त बोलतो. आईच्या किंवा वडिलांच्या बाजूला कुणाला बायपोलर (मन कधी अति उत्साहात, कधी खोल उदासीत जाणारा आजार), वेड, आत्महत्या असं झालंय का तेही, कारण बायपोलर रक्तात असलं की या आजाराचा धोका बराच वाढतो.

वकिलांना दोन प्रश्न वेगळे ठेवायला सांगा, नवे वकील हमखास मिसळतात. ती पहाटे कशी होती हा एक. ती आज खटला समजायच्या स्थितीत आहे का हा दुसरा, आणि तो आधी मांडायचा. खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ पासून पुढे त्याची पद्धत दिलीय, कोर्ट तिला तपासणीला पाठवतं, ती स्थितीत नसेल तर खटला थांबतो आणि उपचार होतात. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, निरीक्षणासाठी तिथे पाठवलं जाऊ शकतं. तिथे नेमका अर्ज असा हवा की आजच्या स्थितीसोबत घटनेच्या सुमाराच्या मानसिक स्थितीबद्दलही घरच्यांकडून माहिती घेऊन मत द्यावं. ते एक वाक्य आदेशात आलं असतं तर माझ्या त्या पहिल्या बाईचं काय झालं असतं हा विचार मी अजून करते. जेलमध्येच असेल तर मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०३ आजारी कैद्याच्या उपचाराबद्दल आहे, त्याखाली अर्ज करा. खुनाच्या गुन्ह्यातसुद्धा आरोपी स्त्री आहे, आजारी आहे हे जामिनासाठी कायद्यात वेगळं धरलेलं आहे. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि कलम २२ खाली सुटली तर त्याच दिवशी घरी येईल असं धरू नका, कोर्ट तिला सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगू शकतं किंवा नातेवाइकांकडून हमी घेऊन सोपवू शकतं, म्हणून कोण सांभाळणार हे आधीच ठरवून ठेवा.

एक लहान पण फार महत्त्वाचं. तिला अजून दूध येत असणार. बाळ नाही आणि छाती भरलेली, त्या वेदनेबद्दल जेलमध्ये ती कुणाला बोलणार नाही. दूध थांबवायला ज्या गोळ्या देतात, कॅबरगोलिन किंवा ब्रोमोक्रिप्टिन, त्यांनी सायकोसिस वाढू शकतो, तेव्हा जेलच्या डॉक्टरांना आजाराचं सांगूनच गोळी द्यायला सांगा, दुसरे मार्ग आहेत.

पुढच्या बाळंतपणाचा विचार आज कुणाच्या मनात नाही हे मला कळतं. पण हा आजार एकदा झाला की पुढच्या वेळी परत व्हायचा धोका एक तृतीयांश ते निम्मा असतो, आणि गरोदरपणातच मानसोपचारतज्ज्ञ जोडलेला असेल, झोप सांभाळली, औषध वेळेवर दिलं तर तो बराच कमी होतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा वॉर्ड आहे, अशा बायका तिथे बाळासकट बऱ्या होऊन जातात. कधी वेळ आली तर हे लक्षात असू द्या, तिच्या धाकट्या बहिणींसाठीसुद्धा.

आता जे सगळ्यात अवघड आहे ते. औषध लागू पडलं की ती बरी होईल, आणि बरी होईल म्हणजे तिला कळेल. आज ती कधी ओळखते कधी नाही, या धुक्यात एक प्रकारे ती झाकलेली आहे. तीन-चार आठवड्यांनी धुकं जाईल आणि ती विचारेल बाळ कुठे आहे. माझ्या अनुभवात या बायकांच्या जिवाला सर्वात जास्त धोका आजार जोरात असताना नसतो, तो या दिवसांत असतो, शहाणी झाल्यावर. घरच्यांना वाटतं चला बरी झाली, जेलला वाटतं आता शांत आहे, आणि लक्ष सैल होतं. तिला खोटं सांगू नका, पण पहिल्यांदा सांगताना डॉक्टर आणि आई दोघं जवळ असतील अशी व्यवस्था करा. तू आजारी होतीस, हे एवढंच परत परत सांगा, का केलंस विचारू नका, तिला स्वतःलाही उत्तर माहीत नसतं. तुमच्या आईलाही कुणाशी तरी बोलायला हवं, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आणि उद्या भेटीला जाल तेव्हा जेल अधीक्षकांच्या नावाने एक अर्ज घेऊन जा, की ही बाळंतीण आहे, मानसिक आजाराची शक्यता आहे, जिवाला धोका आहे, तिला एकटीला ठेवू नये, रात्री तिच्याजवळ कुणीतरी असावं आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. दोन प्रती न्या, एकीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या, आणि ती वकिलांच्या फाइलमध्ये लावा.